बदलीवाला

नमस्कार मंडळी, काय चाललंय? जेवणं झाली असतील, नसतील झाली तर भाकरी थापता थापता ऐका, रेडिओचं हे एक बरं असतंय, हात मोकळे राहतात. टीव्हीचं तसं नाही, टीव्ही लावला की तव्यावरची भाकरी करपलीच म्हणून समजा.

आज बोलायचंय चंद्रकांत पंडितांबद्दल. क्रिकेटवाले पंडित. सुरुवातीलाच दोन आकडे सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालंल, हे दोन तेवढे लक्षात ठेवा. पाच आणि सहा. भारताकडून खेळले पाच टेस्ट, फक्त पाच. आणि कोच म्हणून जिंकल्या सहा रणजी ट्रॉफ्या, रणजी म्हणजे आपल्या देशातली राज्याराज्यांच्या टीमची स्पर्धा. खेळताना पाच टेस्ट, शिकवताना सहा रणजी. वनडे ३६ खेळले ते वेगळे.

माणूस मुंबईचा, सचिनचे गुरू आचरेकर सर, त्यांच्या हाताखालचा, विकेटकीपर. आता विकेटकीपरचं दुखणं तुम्हाला माहितीच आहे, टीममध्ये बॅट्समन सहा लागतात, बॉलर चार-पाच लागतात, कीपर लागतो एकच. आणि ती एक जागा त्या काळात किरण मोरेंकडं होती. पंडितांची पहिली टेस्ट १९८६ साली इंग्लंडमध्ये हेडिंग्लेला झाली, तर तीसुद्धा बॅट्समन म्हणून, कीपिंगला मोरेच. बरं त्याच वर्षी शारजाला पाकिस्तानच्या मियांदादनं शेवटच्या बॉलवर चेतन शर्माला सिक्स मारला, तो आपण सगळे आजपर्यंत उगाळतोय, चेतन शर्मा बिचारा अजून त्यातनं सुटला नाही. पण स्टंपच्या मागं ग्लोव्हज घालून कोण उभं होतं ते विचारा कुणालाही. पंडित होते. कुणाच्या लक्षात नाही. वाईटात पण नाव नाही बघा ह्या माणसाचं.

म्हणजे काय, बदलीवाला.

आता बदलीवाला म्हणजे काय हे सोलापूरकरांना काय सांगायचं, पण पोरं ऐकत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो. गिरण्या चालू होत्या तेव्हा परमनंट कामगार वेगळे आणि बदली कामगार वेगळे. बदलीवाल्यानं सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, आज कुणी परमनंट आला नसंल, कुणाला ताप आला असंल, कुणाच्या घरी लग्न असंल, तर त्याच्या जागी आत घ्यायचे. सगळे आले तर डबा तसाच घेऊन घरी. आमचे दादा, म्हणजे वडील, अकरा वर्षं बदलीवर होते. अकरा वर्षं! आई म्हणायची, ह्यांचा डबा गिरणीपेक्षा घरातच जास्त वेळा उघडला.

तर ती गोष्ट सांगतो. ही गोष्ट मी पन्नास वेळा तरी सांगितली असंल, स्टुडिओतले लोक आत्ताच काचेपलीकडनं हसायलेत, हसू द्या.

तारीख ५ नोव्हेंबर १९८७. गुरुवार. वर्ल्डकपची सेमीफायनल, वानखेडेवर, भारत आणि इंग्लंड. दिवाळीची सुट्टी चालू होती, मी बारा वर्षांचा. दादा सकाळी गेटवर जाऊन परत आले, त्या दिवशी सगळे परमनंट हजर, एकालाही ताप नाही. मग दादा नेहमी करायचे तसं साखर पेठेतल्या एका कारखान्यावर रोजंदारीला निघाले, कारखाना म्हणजे आपला पॉवरलूमचा, आठ माग, टॉवेलचे. मी म्हणलं मी पण येतो. कारण गल्लीत टीव्ही एकच होता आणि त्या घरात सकाळी आठलाच पाय ठेवायला जागा नव्हती, आणि कारखान्यात रेडिओ होता.

पण कारखान्यात रेडिओ असून उपयोग काय? आठ माग चालू असले की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही, नुसते ओठ हलताना दिसतात. खटाखट खटाखट. धोटा इकडनं तिकडं पळतोय, तिकडनं इकडं. म्हणून तिथली माणसं खुणांनी बोलायची. अंगठा तोंडाकडं म्हणजे चहा. दोन बोटांची कात्री म्हणजे सूत तुटलंय. मिशीवर हात फिरवला की मालक आला. मालकाला मिशी नव्हती ते सोडा, आधीच्या मालकाला होती, खूण तशीच राहिली.

आणि माग बंद करून मॅच ऐकायची म्हणाल तर मजुरी वारावर, जेवढं विणलं तेवढे पैसे, बंद माग म्हणजे बंद चूल. मग तोड निघाली. मागच्या बाजूला सुताची बाचकी ठेवायची खोली होती, तिथं रेडिओ ठेवायचा, दार ओढून घ्यायचं, मी कान लावून ऐकायचं आणि दर थोड्या वेळानं बाहेर येऊन खुणांनी स्कोअर सांगायचा. म्हणजे बघा, मी कॉमेंट्री करायला लागलो तो तोंडानं नाही, हातानं.

पहिलीच बातमी अशी की वेंगसरकर खेळत नाहीत, पोट बिघडलंय. आता हे कसं सांगायचं? मी बाहेर आलो, पोटावर हात फिरवला, तोंड वाकडं केलं. पहिल्या मागावर एक मामा होते, पूर्व भागातले, घरात तेलुगू, आमच्याशी मोडकी मराठी, लई मायाळू माणूस. त्यांनी माझ्याकडं बघितलं, चक् चक् केलं, आणि खिशातनं मूठभर शेंगदाणे काढून माझ्या हातात दिले. पोराला भूक लागली!

आपण टॉस जिंकून इंग्लंडला बॅटिंग दिली होती. आणि तो गूच. ग्रॅहम गूच. मणिंदर आणि शास्त्री, दोघंही डावखुरे स्पिनर, आणि हा बाबा गुडघा टेकतोय आणि स्वीप, गुडघा टेकतोय आणि स्वीप. दादांनी मागावरनं भुवया उडवल्या, म्हणजे कसा मारतोय? स्वीपची खूण काय? मी वाकलो आणि हातानं झाडू मारल्यासारखं केलं. दादांना बरोबर समजलं. परत चौकार, परत मी बाहेर, परत झाडू. परत चौकार, परत झाडू. पाचव्या-सहाव्या वेळी काय झालं, कांड्या भरणाऱ्या अक्का होत्या, कारखाना झाडायचं काम पण त्यांच्याकडंच, त्या आपल्या बघायलेत की हे पोरगं सकाळपासनं मला झाडायची खूण करतंय. त्या उठल्या. खराटा घेतला. सगळा कारखाना झाडला, रागारागानं, मागाखालची सगळी धूळ बाहेर काढली, आणि मी परत बाहेर येऊन झाडू मारायला आणि त्यांनी तो खराटा माझ्या हातात द्यायला एक गाठ पडली. ओठावरनं कळलं काय म्हणाल्या ते. "घे, तूच झाड!"

सगळा कारखाना हसला. म्हणजे ऐकू आलं नाही, पण आठही मागांवर माणसं पोट धरून हसताना दिसली. गूच ११५ करून गेला. इंग्लंड ५० ओव्हरमध्ये २५४.

मधल्या वेळेत डबे सोडले. कडक भाकरी, शेंगा चटणी, कांदा. इथं एक बोलून घेतो, विषयाशी संबंध नाही पण बोलतो. मिक्सरमधनं काढलेली शेंगा चटणी ही चटणी नव्हे, तो शेंगदाण्याचा कूट आहे तिखट घातलेला. उखळात कुटून तेल सुटल्याशिवाय तिला चटणी म्हणू नका. झालं, पुढं चला.

आपली बॅटिंग आली. गावसकर ४ रनवर बोल्ड. दादांना चार बोटं दाखवली आणि मान खाली घातली, त्यांनी पण घातली. तेव्हा कुणाला माहिती नव्हतं की भारतासाठीची ती गावसकरांची शेवटची इनिंग. श्रीकांत गेला, सिद्धू गेला, ७३ ला ३. अझर खेळतोय. आणि अझरच्या जोडीला कोण आलं, तर वेंगसरकरांच्या जागी घेतलेला माणूस. रेडिओवर नाव ऐकलं, चंद्रकांत पंडित. कीपिंग मोरे करून गेलेले, हा परत एकदा नुसता बॅट्समन म्हणून.

बाहेर आलो तर दादा भुवया उडवायलेत, कोण आलाय? पंडितची खूण कुठनं आणू? मी पंजा उलटा केला, सुलटा केला. उलटा, सुलटा. ही खूण तिथं सगळ्यांना माहिती होती. बदली.

दादांनी काय करावं? चालू मागावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं छाती ठोकली. आपला माणूस!

तिथनं पुढं दादांना अझरचे रन नकोतच. फक्त बदलीवाल्याचे सांग. दोन. पाच. नऊ. मी आत-बाहेर, आत-बाहेर. आणि अचानक लाईट गेली.

मंडळी, आठ माग एकदम बंद पडल्यावर जी शांतता होती ना, ती ज्यानं ऐकलीय त्यालाच कळते. कान दुखतात. आणि त्या शांततेत, बाचक्यांच्या खोलीतनं, सेलवर चालणारा रेडिओ ऐकू यायला लागला. वानखेडेचा आरडाओरडा. सगळे आत घुसले, मामा बाचक्यावर बसले, अक्का दारात खराटा टेकून उभ्या. दादा उकिडवे बसून, रेडिओकडं असे बघत होते जसं काही आत माणसं दिसायलीत. पहिल्यांदाच त्या दिवशी सगळ्यांनी एकत्र ऐकलं. आणि तेवढ्यातच, फॉस्टरनं पंडितला एलबीडब्ल्यू काढलं. २४.

कुणीतरी म्हणलं, गेला बे हा पण. दादा म्हणले, "चोवीस केले की. परमनंटवाले चार करून गेले."

आता गावसकरांबद्दल असं बोलायचं म्हणजे! मामांनी कानाला हात लावला. दादा ऐकायच्या मूडमध्ये नव्हते. म्हणले, "परमनंटला त्याचा त्याचा एकच माग ठाऊक असतो. आम्हाला आज हा, उद्या तो. कुठला माग कुठं अडतो, कुठला धोटा उडतो, कुठला जॉबर, म्हणजे मुकादम, कसल्या डोक्याचा, हे बदलीवाल्याला विचार."

हे वाक्य ध्यानात ठेवा, मी परत येणार आहे त्याच्याकडं.

लाईट आली. एकही माणूस उठला नाही. मजुरी बुडतीय, माग उभे आहेत, कुणी उठेना, कारण कपिल खेळत होता. मग कपिलनं हेमिंग्सला उचलला, मिडविकेटला गॅटिंगनं पकडला. ३०. त्यावर कुणी काही बोललं नाही. दादा उठले, जाऊन आपला माग चालू केला. मग मामांनी. मग एकेक करून सगळ्यांनी. शेवटच्या पाच विकेट १५ रनमध्ये गेल्या ते मी एकट्यानंच ऐकलं, २१९ ऑलआऊट, ३५ रननी हरलो. बाहेर आलो, दोन्ही तळहात आडवे केले. दादांनी मान हलवली आणि तुटलेलं सूत जोडायला वाकले.

आता घड्याळ बघतो तर अर्ध्याच्या वर वेळ गेलेली. दर वेळी हेच होतंय. म्हणून आता जरा भराभर.

खेळणं संपेपर्यंत पंडितांचं झालं काय, तर रणजीत ढिगानं रन. फर्स्ट क्लासमध्ये आठ हजारांच्या वर, २२ शतकं. मुंबईकडून खेळले, आसामकडून खेळले, मध्य प्रदेशकडून खेळले. आज हा माग, उद्या तो. आणि मध्य प्रदेशचे कॅप्टन असताना, १९९९ साली, रणजीची फायनल, बंगळूरला, चिन्नास्वामीवर, समोर कर्नाटक. पहिल्या डावात मध्य प्रदेशला ७५ रनची आघाडी. म्हणजे मॅच ड्रॉ झाली तरी ट्रॉफी ह्यांची. नुसतं उभं राहायचं होतं. शेवटच्या दिवशी २४७ चं टार्गेट, विजय भारद्वाजनं सहा विकेट काढल्या, १५० ला सगळे आऊट. ९६ रननी हरले. हातातली ट्रॉफी गेली. ते ग्राउंड लक्षात ठेवा, चिन्नास्वामी.

मग कोचिंग. मुंबईला २००३ आणि २००४ ला लागोपाठ रणजी. परत २०१६ ला मुंबई. त्याच्या पुढच्या वर्षी मुंबई फायनलला हरली आणि मुंबईनं दुसरा कोच घेतला. हे गेले विदर्भाला. विदर्भ तोवर रणजीच्या फायनलला कधी पोचलाच नव्हता, कधीच. ह्यांच्या पहिल्याच सीझनला सेमीफायनलमध्ये कर्नाटकला ५ रननी हरवलं, फक्त ५, विदर्भाच्या गुरबाणीनं शेवटच्या डावात सात विकेट काढल्या, मग इंदूरला फायनलमध्ये दिल्लीला. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ चॅम्पियन. लोक म्हणले लागला नेम. पुढच्या वर्षी परत चॅम्पियन, नागपुरात, सौराष्ट्रला हरवून, आदित्य सरवटेनं पुजाराला दोन्ही डावांत काढलं, १ आणि ०.

कसं करतात हे? तर कडक. लई कडक. नियम म्हणजे नियम. पुढं मध्य प्रदेशचे कोच झाले तेव्हा तिथल्या कॅप्टनला, आदित्य श्रीवास्तवला, स्वतःच्या लग्नाला सुट्टी दिली दोन दिवस. दोन! हळद उतरायच्या आत पोरगा नेटवर. आयपीएलला एका परदेशी प्लेअरनं पुढं बोलूनही दाखवलं की ह्यांचं म्हणजे मिलिटरीच आहे. असंल. पण मला विचाराल तर ते सोडून दुसरंच काहीतरी आहे. शिस्त लावणारे कोच पैशाला पासरी मिळतात. हा माणूस ज्या टीममध्ये गेला तिथं बाराव्या-तेराव्या पोराला काय वाटतं ते ह्याला आधीच माहिती, कारण आयुष्य तिथंच गेलेलं. दादांचं वाक्य आठवा. कुठला माग कुठं अडतो हे बदलीवाल्याला विचार.

ह्याच्यावरनं आठवलं, हल्ली आपल्याकडं उन्हाळ्यात क्रिकेटचे क्लास निघतात, पोराच्या अंगावर दहा हजाराचं किट आणि आई-बाप खुर्ची टाकून तिथंच बसलेले, पोरगं बॅट उचलायच्या आधी आईकडं बघतंय. अहो घरी जावा की! पार्क मैदानावर आम्ही खेळायचो तेव्हा बाप येतोय असं दिसलं की पोरं पळून जायची. आणि अजून एक, पॉली उम्रीगर, टेस्टमध्ये भारताकडून पहिली डबल सेंच्युरी मारणारा माणूस, जन्म आपल्या सोलापूरचा. ह्या क्लासमधल्या किती पोरांना माहितीय? किरण नवगिरे आपल्या जिल्ह्यातली, भारताकडून खेळली. अर्शिन कुलकर्णी सोलापूरचा. पण पोरांच्या पाठीवर नाव कुणाचं, तर कोहली. असो, चिडून काय उपयोग.

तर २०२२. पंडित आता मध्य प्रदेशचे कोच. रणजीची फायनल. ग्राउंड कुठलं? चिन्नास्वामी. तेच. २३ वर्षांनी तेच ग्राउंड. समोर मुंबई, म्हणजे माहेर. आणि मुंबईचा कोच कोण, अमोल मुझुमदार, तो पण आचरेकर सरांचाच. सचिन आणि कांबळीनं ६६४ ची पार्टनरशिप केली तेव्हा पॅड बांधून पुढचा नंबर लावून बसलेला पोरगा हाच. त्याला भारताकडून एक मॅच खेळायला मिळाली नाही, एकसुद्धा. म्हणजे तिकडं पण बदलीवालाच, उलट ह्याला तर गेटच्या आतच घेतलं नाही. त्या मुझुमदारच्या कोचिंगखाली २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या पोरींनी नवी मुंबईत वर्ल्डकप जिंकला. त्याच्यावर एक दिवस वेगळं बोलू.

कोलकात्याचं आयपीएल पण सांगितलं पाहिजे, २०२४ ला ट्रॉफी जिंकली, हेड कोच पंडित, पण नाव झालं टीमचा मेंटॉर गौतम गंभीरचं. परत तेच. २०२५ चा सीझन वाईट गेला आणि जुलैमध्ये टीम सोडली. ह्याच्यावर ह्यापेक्षा जास्त बोलण्यासारखं माझ्याकडं काही नाही, मला आयपीएल एवढं कळत पण नाही, खरं सांगतो.

काचेपलीकडनं दोन बोटं दाखवायलेत, म्हणजे दोन मिनिटं राहिली. बघा, खुणा काय सुटत नाहीत आपल्या.

२६ जून २०२२, रविवार. फायनलचा पाचवा दिवस. मी घरी, दादा घरी. दादांना आता ऐकू येत नाही. मागाच्या आवाजानं कान गेले, मामांचे पण गेले होते, त्या कारखान्यातल्या सगळ्यांचेच गेले. मशीन आणून दिलंय कानाला, ते कपाटात आहे, म्हणतात खरखर करतंय. टीव्हीवर मॅच लावली, चित्र दिसतंय पण कॉमेंट्री कळत नाही, बारीक अक्षरातला स्कोअर दिसत नाही. मग मी आपला त्यांच्या समोर बसलो आणि बोटांनी स्कोअर सांगायला लागलो. आदल्या दिवशी तर स्वीप मारल्यावर मी सवयीनं झाडू मारून दाखवला, आणि दादा एवढे हसले की ठसका लागला, आई धावत पाणी घेऊन आली.

पाचव्या दिवशी मध्य प्रदेशला १०८ पाहिजे होते. चार विकेट गेल्या पण झाले. पाटीदारनं शेवटचा रन काढला. पोरं मैदानात पळाली, आणि कॅमेरा गेला पंडितांवर. दादांनी भुवया उडवल्या, हा कोण? मी पंजा उलटा केला, सुलटा केला. उलटा, सुलटा.

दादा पुढं सरकून बघायला लागले. बराच वेळ बघत होते. मग मोठ्यानं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, म्हणले, "हा चोवीसवाला?"

मी मान हलवली.

"रडतोय की! जिंकला ना? मग रडतोय कशाला?"

आता चिन्नास्वामी, १९९९, ७५ ची आघाडी, हातातली गेलेली ट्रॉफी, हे सगळं खुणांनी कसं सांगणार? मी दोन बोटं दाखवली. मग तीन. तेवीस वर्षं म्हणायचं होतं मला.

दादांनी बोटं मोजली, टीव्हीकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं.

"तेवीस रननी जिंकले व्हय? मग घासूनच झाली की मॅच," म्हणले, आणि अंगठा तोंडाकडं नेला.

मी चहा ठेवायला उठलो. नमस्कार.